जुन्या अवजारांचे गंजलेले नट-बोल्ट कसे सोडवायचे? (अठरापैकी दोन तुटले)

पाना_हरवला
नमस्कार मंडळी. दहा-बारा वर्षं भिंतीला टेकून उभा असलेला नऊ फाळांचा कल्टिव्हेटर पुन्हा कामाला लावायचं डोक्यात घेतलंय. सांगाडा ठणठणीत आहे, पण फाळ झिजून चमच्याएवढे उरलेत. प्रत्येक फाळाला दोन बोल्ट, म्हणजे एकूण अठरा. नट सतरा नंबरच्या पान्याचे.

डब्ल्यूडी-४० चा अर्धा डबा मारला, रात्रभर ठेवलं. सकाळी नट ढिम्म. मग रॉकेल ओतलं, तरी ढिम्म. शेवटी रिंग पान्यात तीन फुटी नळी अडकवली आणि ओढलं. कट्ट असा आवाज आला. सुटला म्हणून खूश झालो, तर नट बोल्टच्या तुकड्यासकट हातात. दुसऱ्याचंही तेच. आता तिसऱ्याला हात लावायची हिंमत होत नाही.

तेल चालू ठेवू, आच देऊ, की सरळ ग्राइंडर फिरवू?

एकच_घाव
छिन्नी आणि घण. धागा संपला.

आटे_आणि_वाटे
तारेच्या ब्रशने नटाच्या मागे आलेलं बोल्टचं शेपूट साफ करून पाहिलंत का? फोटो टाका. बाकी सगळं नंतर.

लोहारशाळा
आच. दुसरं काही नाही. तेल नटाच्या तोंडाशी घुटमळतं. आत आट्यांमध्ये गंज ठासून भरलेला असतो आणि गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा खातो. म्हणजे आट्यांमध्ये चहूबाजूंनी पाचर ठोकल्यासारखं झालेलं असतं. तिथे तेल शिरणार कुठून?

आच देताना नट तापवायचा, बोल्ट नाही. सोळा मिमीच्या बोल्टचा नट ३०० अंशांनी तापवला तर त्याचं भोक साधारण ०.०६ मिमीने मोठं होतं. ऐकायला काहीच नाही, पण गंजाचा थर तडकायला तेवढं पुष्कळ झालं. घासून पांढऱ्या केलेल्या नटावर निळसर झाक आली की समजायचं तीनशेच्या आसपास पोचलो. तिथेच थांबा, थोडं निवू द्या आणि मग पाना लावा. घाईत लालबुंद असतानाच पाना लावणारे पुष्कळ पाहिलेत. तेव्हा लोखंड मऊ असतं, कोपरे पुरणासारखे दबतात.

अजून एक. नट तापलेला असताना आट्यांच्या तोंडाशी मेणबत्ती टेकवा. मेण वितळून आत ओढलं जातं, डोळ्यांना दिसतं. निवेपर्यंत पान्याने जरासं आवळायचं, जरासं सोडायचं, परत आवळायचं.

थेंबेथेंबे
लोहारशाळांशी निम्मा सहमत. पण “तेल शिरणार कुठून” हे काही पटलं नाही. गंज म्हणजे काही काच नव्हे, भुसभुशीत असतो. तेल शिरतं, फक्त माणसाला धीर नसतो. रात्रभर म्हणजे काय? मी आठवडा देतो. सकाळी दोन थेंब, हातोडीने टक-टक-टक वीसेक वेळा, संध्याकाळी परत दोन थेंब. टक-टक महत्त्वाची. त्याने गंजात बारीक भेगा पडतात आणि तेलाला वाट मिळते. नुसता फवारा मारून झोपायला गेलात तर तेल ओघळून जमिनीवर जातं. जमिनीचे बोल्ट मात्र छान सुटतात. :)

शिवाय डब्ल्यूडी-४० मधलं डब्ल्यूडी म्हणजे ‘वॉटर डिस्प्लेसमेंट’, पाणी हटवणं. १९५३ साली तेवढ्यासाठीच बनवलं. गंज उतरवायला चालतं, पण त्यावर फार भिस्त नको. घरी करायचं असेल तर अ‍ॅसिटोन आणि गिअरबॉक्सचं ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड निम्मं-निम्मं. दोन्ही एकमेकांत नीट मिसळत नाहीत, म्हणून दर वेळी बाटली हलवून घ्यायची. रबरी सील आणि रंग यांच्यापासून लांब ठेवा.

लोहारशाळा
आणि अ‍ॅसिटोन मारल्यावर माझ्याकडे येऊ नका. म्हणजे आच घेऊन येऊ नका.

थेंबेथेंबे
बरोबर, ते लिहायचं राहिलं. अ‍ॅसिटोन भयंकर पेटतं. एक तर तेल, नाहीतर आच. तेल मारलं असेल तर पूर्ण पुसून, वाळवून मगच ज्योत. आणि ब्रेक क्लीनरने धुतलं असेल तर त्याहून सावध. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीन असलेली द्रावणं असतात, ती तापली की फॉस्जीन वायू होतो. पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरला तोच. अशा भागाला वेल्डिंगही नको.

सुटसुटीत
मला एक कळत नाहीये. फाळाचा बोल्ट आरपार असतो. तुटला म्हणजे सुटलाच की! अर्धा तुकडा पुढून पडला, अर्धा मागून. नवे फाळ घालताना नवे बोल्टच घालणार ना? मग जुन्यांना वाचवायचा एवढा आटापिटा कशाला? अठराच्या अठरा ग्राइंडरने उडवा, तासाभराचं काम.

आधी हे ठरवा की कुठला बोल्ट वाचवण्यासारखा आहे. आरपार असेल तर कापा. आंधळ्या भोकात, म्हणजे बिडात किंवा जाड भागात आटे पाडून बसवलेला असेल तर मात्र त्याच्यापुढे हात जोडून बसा. तो तुटला की खरी पंचाईत.

पाना_हरवला
@सुटसुटीत, अहो हे सुचलंच नाही! फाळांपुरतं मान्य. पण पुढे दोन गोष्टी आहेत. एक, दांड्यांवर स्प्रिंगा आहेत, त्यातल्या दोन तुटक्या, त्यांचे लांब बोल्ट काढायचेत. दोन, खोली ठरवणाऱ्या चाकाचा हब बिडाचा आहे आणि त्यात चार स्टड (डोकं नसलेले, दोन्ही टोकांना आटे असलेले बोल्ट) गंजून बसलेत. तिथे कापून चालणार नाही. म्हणून फाळांवरच हात साफ करून घेतोय म्हणा.

मळणीवाली
थांबा थांबा. स्प्रिंगच्या बोल्टला हात लावण्याआधी हे वाचा.

तो बोल्ट गंजलेला दिसतो, पण त्याने ताणलेली स्प्रिंग धरून ठेवलेली आहे. ग्राइंडरने कापलात तर बोल्टचं टोक बंदुकीच्या गोळीसारखं सुटेल. आधी स्प्रिंग साखळीने किंवा क्लॅम्पने बांधून ताण उतरवा आणि मगच नट. उभं राहायचं बाजूला, बोल्टच्या रेषेत नाही. तिथे आचही नको, तापलेली स्प्रिंग तिचा जोर घालवून बसते.

आणि चाकाचं म्हणताय तर त्यावर टायर आहे का? असेल तर टायर उतरवल्याशिवाय रिमला किंवा चाकाच्या नटांना आच देऊ नका. हवा काढून टाकली तरीसुद्धा नाही. आतलं रबर तापून त्याचा वायू होतो, तो पेटतो आणि टायर बॉम्बसारखा फुटतो. मी पाहिलेला प्रकार फक्त धुरावर निभावला. टायरमधून करपल्याचा वास आला म्हणून आम्ही ज्योत बंद करून पळालो. त्या दिवसापासून चाकाजवळ गॅसची नळी दिसली की मी आधी ओरडते, मग विचारते.

पाना_हरवला
चाक लोखंडी आहे, टायर नाही. पण स्प्रिंगचं खरंच लक्षात आलं नव्हतं. धन्यवाद ताई.

अर्धा_इंच
जरा अवांतर, पण तुटण्याशी संबंध आहे. ‘सतरा नंबरचा पाना’ नीट बसतो का, की थोडा खेळतो? जुन्या अवजारांवर मिलिमीटरचे आणि इंचाचे बोल्ट एकत्र सापडतात. पाऊण इंचाला एकोणीसचा पाना चालून जातो, फरक जेमतेम ०.०५ मिमीचा. पण अर्ध्या इंचाच्या नटाला तेराचा लावलात तर ०.३ मिमी खेळतो, आणि गंजलेल्या नटाला तेवढा खेळ कोपरे गोल करायला पुरतो.

आटे तर त्याहून घोळाचे. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली आट्यांचं पहिलं प्रमाण सुचवलं, त्याचा कोन ५५ अंश. अमेरिकन आणि मेट्रिक आटे ६० अंशांचे. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थला इंचात १२ आटे, अमेरिकन जाड आट्याला १३. नट दोन फेरे गोडीत जातो आणि मग अडतो. माणूस म्हणतो गंज आहे, लावतो नळी, आणि चांगल्या बोल्टची वाट लागते. व्हिटवर्थचे पाने तर आणखी मजेशीर, पान्यावर आकडा नटाच्या रुंदीचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. माझ्याकडे अशा पान्यांची एक पेटी आहे आणि घरातलं कोणीही तिला हात लावत नाही.

एकच_घाव
घणावर आकडा नसतो. सगळ्यांना बसतो.

अर्धा_इंच
:) दंडवत घ्या. पण गोटी पाना (सॉकेट) घ्याल तेव्हा सहा कोनांचाच घ्या. बारा कोनांचा फक्त कोपऱ्यांना पकडतो, गंजून बारीक झालेल्या नटावर घसरलाच म्हणून समजा.

डावखुरा
अजून कोणी उलट्या आट्यांबद्दल बोललं नाही म्हणून लिहितो. एक पूर्ण रविवार मी एका गवत कापायच्या यंत्राच्या पात्याशी कुस्ती खेळलो. तेल, आच, नळी, शेजारच्याचं वजन, सगळं झालं. मेहुणा आला, दोन मिनिटं बघत उभा राहिला आणि म्हणाला, “आवळताय कशाला?” डावे आटे होते. आम्ही पाच तास तो नट घट्ट करत होतो.

फिरणाऱ्या भागावरचा नट असेल तर आधी बाहेर आलेले आटे बघा कोणत्या बाजूला चढतायत. दोन चाकांच्या ग्राइंडरवरही डाव्या बाजूचा नट उलटा असतो.

कोरडा_विनोद
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). मेहुण्याला दोन मिनिटं लागली हे जास्त वाईट.

मोजूनमापून
नळीबद्दल थोडं गणित. सतराचा नट म्हणजे बहुधा १० मिमीचा बोल्ट. ८.८ प्रतीचा (म्हणजे मजबूत पोलादाचा) असेल तर तो साधारण ४५ ते ५० न्यूटन-मीटरला आवळतात. तीन फुटी नळीच्या टोकाला २० किलोचा जोर दिला तर जवळपास १७५ होतात, म्हणजे आवळायच्या जोराच्या साडेतीनपट. बोल्ट तुटला यात नवल नाही, दोनच तुटले यात आहे. तिथे लांब ओढ नको, छोटे झटके हवेत. आखूड पाना लावून त्याच्या टोकावर हातोडीचे ठोके, किंवा इम्पॅक्ट गन.

धन_ऋण
सुटा निघणारा भाग असेल (तो हब निघत असेल तर) तर विजेने गंज काढा. प्लॅस्टिकच्या टबात पाणी, दहा लिटरला मूठभर धुण्याचा सोडा. बॅटरी चार्जरची ऋण तार वस्तूला, धन तार कुठल्याही भंगार लोखंडी पट्टीला. पट्टी वस्तूला टेकता कामा नये. दिवसभरात गंज काळ्या चिखलासारखा सुटतो, ब्रशने निघतो आणि चांगलं लोखंड खाल्लं जात नाही.

तीन पथ्यं. सोड्याऐवजी मीठ नको, क्लोरीन निघतो. धन पट्टी स्टेनलेसची नको, त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. आणि बंद खोलीत नको, हायड्रोजन निघतो. हल्लीचे हुशार चार्जर समोर बॅटरी दिसल्याशिवाय चालूच होत नाहीत, तेव्हा जुना, साधा शोधा.

नवशिका७
व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं तर?

धन_ऋण
चालतं, पण ते गंजाबरोबर चांगलं लोखंडही खातं. रोज बघत राहायचं आणि काढल्यावर सोड्याच्या पाण्यात धुवायचं, नाहीतर तासाभरात परत तांबूस. उसाची मळी नऊ पट पाण्यात घालूनही काम होतं, दोन-तीन आठवडे लागतात. वास मात्र असा की वस्तू सुटते आणि घरचे तुटतात.

पाना_हरवला
मंडळी, आलो परत. चार दिवसांचा वृत्तांत.

@आटे_आणि_वाटे, तुमचा तिसराच प्रतिसाद होता आणि मी वाचून पुढे गेलो. आज तारेचा ब्रश मारला आणि कपाळावर हात मारला. गंजाच्या पापुद्र्याखाली बोल्टची शेपटं सरळ नाहीतच. कोणीतरी नट आवळल्यावर टोक हातोडीने ठोकून रिबिटासारखं चपटं करून ठेवलंय, कामात नट ढिले होऊ नयेत म्हणून. अठराच्या अठरा! एकेका टोकाला छत्रीसारखी कड आलीय आणि नट त्या छत्रीखाली अडकलाय. आठवडाभर तेल काय नि आच काय, तो कशाने येणार होता?

आटे_आणि_वाटे
तुटलेल्या तुकड्यांवर शेपूट दिसलंच असेल की.

पाना_हरवला
दिसलं होतं. मला वाटलं माझ्याच हातोडीने झालं.

लोहारशाळा
हा हा. बरं, ती छत्री ग्राइंडरने नटाच्या पातळीपर्यंत घासा, मग नट आट्यांवर येईल. पहिला-दुसरा आटा दबलेला असणार, तिथे ताकद लागेल.

पाना_हरवला
केलं तसंच. नऊ नट घासल्यावर आखूड पान्याने सुटले. चार सुटता सुटता तुटले, तुटू देत. बाकीच्या तिघांत नवंच दुखणं निघालं, नटाबरोबर बोल्टही गरागरा फिरायला लागला. डोक्याखालचा चौकोन झिजून गोल झालाय आणि डोकं फाळाशी सपाट, पकडायला काहीच नाही.

सुटसुटीत
डोक्यावर कटिंग चक्रीने एक खाच पाडा आणि त्यात छिन्नी धरून बोल्ट अडवा. नाहीच तर नटाच्या समोरासमोरच्या दोन बाजू ग्राइंडरने पातळ करा आणि छिन्नीने फोडा.

पाना_हरवला
खाचेवर दोन सुटले. शेवटच्याला छिन्नी आणि घणच लागला.

एकच_घाव
धागा दुसऱ्याच प्रतिसादात संपला होता. तुम्ही लोक ऐकत नाही.

मळणीवाली
स्प्रिंगांचं काय केलंत?

पाना_हरवला
साखळीने बांधून ताण उतरवला, मग नट. बाजूला उभा राहिलो. एक बोल्ट निघताना स्प्रिंग साखळीत अशी काही उसळली की साखळी नसती तर आज हे टाइप करायला दुसरं कोणी बसलं असतं.

आता हब. चारपैकी तीन स्टड आच आणि मेणबत्तीने निघाले. मेण आत ओढलं जातं ते खरंच दिसतं हो, सुईत दोरा गेल्यासारखं. चौथा हबच्या तोंडाशी सपाट तुटला. त्यात एझी-आउट (तुटलेला बोल्ट बाहेर काढायचं उलट्या आट्यांचं हत्यार) घालू का?

लोहारशाळा
एकदम नको. एझी-आउट कडक पोलादाचा असतो, तो आत तुटला की साधं ड्रिल त्यावर चालत नाही. आधी तुटलेल्या तोंडावर वेल्डिंगचे ठिपके देत थोडा उंचवटा करा, त्यावर नट ठेवून नटाच्या भोकातून वेल्ड भरा. निवू द्या आणि मग पाना. वेल्डिंगच्या उष्णतेने निम्मं काम होतं. वेल्ड तुटला तर परत करा, तिसऱ्या-चौथ्या वेळी हमखास निघतो. बीड आहे, पाणी ओतून गार करू नका, तडकेल. वाळूत किंवा राखेत हळूहळू निवू द्या.

पाना_हरवला
दुसऱ्याच वेळी निघाला!! आटेही शाबूत. टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून साफ केले.

थेंबेथेंबे
अभिनंदन. आता नवे बोल्ट कोरडे बसवू नका. आट्यांना ग्राफाइट ग्रीस किंवा तांब्याचं अँटी-सीझ लावा. फक्त वंगण लावलेला बोल्ट तेवढ्याच जोरात जास्त ताणला जातो, म्हणून आवळताना हात थोडा हलका. आणि लाल होईपर्यंत तापवलेले जुने ८.८ चे स्टड परत घालू नका, त्यांचं पाणी (कडकपणा) उतरलेलं असतं.

मोजूनमापून
आणि शेपटं ठोकू नका. नायलॉनवाले लॉक नट घाला.

नवशिका७
सगळा धागा वाचला, मजा आली. माझ्याकडे पेरणी यंत्राच्या खताच्या पेटीचे नट असेच बसलेत, पांढरा थर आलाय. आच देऊ का?

मळणीवाली
नाही!! आधी गरम पाण्याने दोन-तीनदा धुवा. तो पांढरा थर खताच्या क्षारांचा आहे, ते हवेतलं पाणी ओढून लोखंड ओलं ठेवतात. नुसत्या पाण्याने तो विरघळून निम्मे नट सुटतात. आणि काही खतं आचेला धोक्याची असतात. पेटी पूर्ण रिकामी, धुतलेली आणि वाळलेली असल्याशिवाय ज्योत जवळ नको. ते पाणी विहिरीकडे जाऊ देऊ नका.

नवशिका७
बरं. आणि आधी तारेचा ब्रश?

आटे_आणि_वाटे
हो. फोटो टाका.